माँपेलिएच्या विद्यापीठनगरीत परिषदेस जाताना : नाशिककरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

द्राक्षबागाईतदार, महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि वैद्यकशास्त्रातील तरुण संशोधक अशा तिन्ही वर्गांतील नाशिककरांकडून अलीकडे एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत वारंवार होत असते. फ्रान्समधील परिषदेचे निमंत्रण हाती आले आहे, तर विमानाचे तिकीट आधी काढावे की व्हिसाचा अर्ज आधी करावा. सातबाऱ्याचा उतारा परदेशी वकिलातीत ग्राह्य धरतात काय. निबंध मंजूर होऊनही व्हिसा नामंजूर झाला, तर भरलेल्या पैशांचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे अवघड नाहीत. परंतु ती सुटी सुटी आणि ऐकीव स्वरूपात मिळत असल्यामुळे विद्वान माणसेही गोंधळतात आणि कित्येकदा पैसा व वेळ दोन्ही गमावून बसतात. म्हणून नाशिकच्या माणसाला अनेक कारणांनी जवळची वाटावी अशी दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए ही विद्यापीठनगरी डोळ्यांसमोर ठेवून येथे सर्व पायऱ्या क्रमाने मांडल्या आहेत. व्हिसा, प्रवास व हक्क यांविषयी जे सांगितले आहे, ते फ्रान्समधील अन्य विद्यापीठनगऱ्यांनाही बहुतांशी लागू पडेल.

सर्व मार्गदर्शनाचा इत्यर्थ एका वाक्यात सांगावयाचा तर तो असा : आधी परिषदेची खातरजमा, मग व्हिसा, आणि जो पैसा परत मिळणार नाही तो खर्च सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला की अडचणी सुरू होतात.

नगरीची ओळख

माँपेलिएच्या वैद्यकविद्यालयाला पोपच्या प्रतिनिधीने १२२० साली नियमावली दिली आणि १२८९ साली पोपच्या आज्ञापत्राने तेथील विद्यापीठाला मान्यता मिळाली. सेंट पीटरच्या प्रधान मंदिराला लागून असलेल्या वैद्यकविद्यालयाच्या प्राचीन वास्तूत आजही विद्येचा व्यवहार चालू आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वनस्पतींची ओळख व्हावी म्हणून चौथ्या हेन्री राजाच्या आज्ञेने १५९३ साली स्थापन झालेले तेथील वनस्पतिउद्यान फ्रान्समधील सर्वांत जुने होय. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ असलेल्या नाशिकमधून जाणाऱ्या वैद्यांना व औषधिशास्त्राच्या अध्यापकांना ही दोन स्थळे आवर्जून पाहण्यासारखी आहेत.

द्राक्षशेतीचा संबंध तर याहूनही निकटचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने वेलींची मुळे पोखरून फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त करण्यास प्रारंभ केला, तेव्हा १८६८ साली सुकलेल्या वेलींच्या मुळांवर ही कीड ओळखणाऱ्या मंडळींत माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमिल प्लांशाँ अग्रणी होते. अमेरिकन रानवेलींच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम करण्याचा उपाय येथील कृषिविद्यालयाच्या परिश्रमाने रूढ झाला. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड या पट्ट्यातील बागाईतदार ज्या ‘११० आर’ खुंटाचे नाव रोज घेतात, त्यातील ‘आर’ हे अक्षर माँपेलिएतील रिख्टर या रोपवाटिकाकाराच्या नावाचे आहे. आपल्याकडे खुंटांचा प्रसार झाला तो मुख्यत्वे पाण्याच्या टंचाईमुळे व जमिनीतील क्षारांमुळे. परंतु त्यामागील विद्येची एक मोठी शाखा या नगरीत वाढली. रेल्वेस्थानकाजवळील बागेत प्लांशाँ यांचे स्मारक आहे, ते जाता-येता अवश्य पाहावे.

पहिली पायरी : निमंत्रणाची खातरजमा

परदेशी परिषदेचे प्रत्येक निमंत्रण विश्वासार्ह असतेच असे नाही. अनोळखी पत्त्यावरून आलेले, आपल्या विद्वत्तेची अतिरिक्त स्तुती करणारे आणि निबंध पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी तो मंजूर झाल्याचे कळवून शुल्काची मागणी करणारे पत्र आले, तर पुढील गोष्टी तपासल्याविना एक पैसाही पाठवू नये :

- आयोजक संस्था कोणती? विद्यापीठ, संशोधनसंस्था अथवा मान्यताप्राप्त विद्वत्परिषद असेल, तर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर या परिषदेचा उल्लेख असलाच पाहिजे.
- शास्त्रीय समितीत ज्यांची नावे छापली आहेत, त्यांपैकी एकाला तरी थेट पत्र पाठवून त्यांची संमती आहे काय ते विचारावे.
- मागील अधिवेशनांची निबंधसंहिता कोठे प्रकाशित झाली? ती आपल्या ग्रंथालयाला सापडते काय?
- एकाच सभागृहात, एकाच दिवशी, परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक विषयांच्या ‘जागतिक’ परिषदा भरत असतील, तर तेथे जाऊ नये.
- शुल्क एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागितले जात असेल, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा.

खातरजमा झाल्यावर, शुल्क भरण्यापूर्वी, परताव्याचे नियम वाचावेत. व्हिसा नामंजूर झाल्यास शुल्क परत मिळते काय, किती मुदतीत कळवावे लागते आणि प्रत्यक्ष जाता न आल्यास दूरस्थ पद्धतीने निबंध वाचता येतो काय, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आयोजकांकडून मागवून घ्यावीत. प्रामाणिक आयोजक ती निःसंकोचपणे देतात.

दुसरी पायरी : रजा, परवानगी आणि द्रव्याची तरतूद

अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकांनी व सरकारी सेवकांनी परदेशगमनाची पूर्वपरवानगी आणि ना-हरकत दाखला यांसाठी अर्ज लवकर रुजू करावा, कारण तो कागद अनेक दप्तरांतून फिरून येतो. दाखल्यात आपले पद, सेवेचा काल, रजेचा प्रकार व तारखा, आणि खर्च कोण करणार आहे याचा स्पष्ट उल्लेख असावा. वकिलातीला तोच मजकूर महत्त्वाचा वाटतो.

प्रवासखर्चासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांच्याकडे अर्थसाहाय्याच्या योजना असतात. त्यांच्या अटी व मुदती ताज्या घोषणेवरून पाहाव्यात आणि अर्ज निबंध मंजूर होताच करावा. साहाय्य मंजूर झाल्याचे पत्र व्हिसाच्या अर्जालाही बळकटी आणते.

तिसरी पायरी : व्हिसा

परिषदेसाठी अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय सामान्यतः पंधरा दिवसांत होतो, परंतु तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून दोन ते तीन महिने आधी अर्ज दाखल करणे हेच शहाणपणाचे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या सेवाकेंद्राचा आकार त्याहून वेगळा. शुल्क परत मिळत नाही.

अर्ज फ्रान्सच्या सरकारी संकेतस्थळावर भरून कागदपत्रे मुंबई किंवा पुणे येथील सेवाकेंद्रात द्यावयाची असतात. तेथे ठरलेल्या वेळी स्वतः हजर राहून बोटांचे ठसे द्यावे लागतात. सकाळची वेळ मिळाली असेल, तर कसारा घाटातील वाहतुकीवर भरवसा न ठेवता आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. हे सेवाकेंद्र केवळ कागद स्वीकारते, निर्णय वकिलात घेते. त्यामुळे व्हिसा ‘हमखास’ मिळवून देण्याची ग्वाही देणाऱ्या मध्यस्थांवर विश्वास ठेवू नये.

सर्वांसाठी आवश्यक दस्तऐवज

- गेल्या दहा वर्षांत दिलेले, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदतीचे आणि दोन कोरी पाने असलेले पारपत्र.
- आयोजकांचे निमंत्रणपत्र : त्यात पारपत्रातल्याप्रमाणे आपले नाव, परिषदेच्या तारखा, निबंधाचे शीर्षक आणि खर्चाची जबाबदारी कोणाची, हे नमूद असावे.
- नोंदणीची पावती, निवासाचा पुरावा आणि प्रवासाचा बेत. तिकिटाचे केवळ आरक्षण जोडावे. रद्द न होणारे तिकीट व्हिसा हाती येण्यापूर्वी काढू नये.
- वैद्यकीय उपचार व मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा.
- बँकेचे खातेउतारे, वेतनपत्रके, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि ना-हरकत दाखला.
- पूर्वी मिळालेल्या शेंगेन व्हिसांच्या प्रती. एप्रिल २०२४ मधील नियमानुसार मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून त्यांचा योग्य वापर केलेल्या भारतीय रहिवाशांना दोन वर्षांचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो.

बागाईतदारांनी विशेष लक्ष द्यावे

शेतकऱ्याचे उत्पन्न दरमहा येत नाही. माल निघाला की काही आठवड्यांत मोठी रक्कम जमा होते आणि एरवी खाते शांत असते. असे खाते पाहून, ही रक्कम केवळ अर्जासाठी उसनी आणून ठेवली असावी, असा ग्रह वकिलातीतील अधिकाऱ्याचा होणे अशक्य नाही. म्हणून सातबारा व आठ-अ यांचे उतारे, व्यापाऱ्यांच्या अथवा निर्यातदारांच्या हिशेबपट्ट्या, बेदाणाविक्रीच्या पावत्या, आणि बँकेतील ज्या नोंदीशी त्या जुळतात त्या नोंदीवर खूण, असा संच तयार करावा. मराठी कागदांचे इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेऊन मूळ प्रतीसह जोडावे. फेब्रुवारी ते एप्रिल हा आपल्याकडे काढणीचा हंगाम, त्यानंतर खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, हा क्रम एका पानात लिहून दिल्यास उत्पन्नाचे चढउतारही समजतात आणि बागेसाठी आपण परतणारच, हेही पटते.

नावाच्या अक्षरांकडे दुर्लक्ष करू नये. पारपत्रात वडिलांचे नाव मधे आहे, सातबाऱ्यावर आडनाव आधी आहे आणि पदवीच्या दाखल्यावर इंग्रजी अक्षरे तिसऱ्याच प्रकारची आहेत, अशी तफावत महाराष्ट्रात सर्रास आढळते. तिचा खुलासा करणारे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे.

व्हिसा नाकारला गेल्यास

नकाराची कारणे ठरावीक नमुन्यात लेखी मिळणे हा आपला हक्क आहे. कोणाकडे आणि किती मुदतीत दाद मागता येते, हेही त्या कागदावर नमूद असते. मुदत अल्प असल्याने कागद हाती पडताच तो शांतपणे वाचावा. प्रवासाचा हेतू सिद्ध झाला नाही, निर्वाहाची साधने अपुरी वाटली किंवा परत येण्याच्या हेतूविषयी शंका राहिली, ही कारणे नेहमीची. उणीव एखाद्या कागदाची असेल, तर तो जोडून नवा अर्ज करणे बहुधा अधिक जलद ठरते. वस्तुस्थिती चुकीची गृहीत धरली गेली असेल, तर फेरविचाराची मागणी करावी. खोटा दस्तऐवज मात्र कोणत्याही परिस्थितीत जोडू नये, कारण त्याची नोंद पुढील प्रत्येक अर्जाच्या आड येते.

चौथी पायरी : नाशिकहून माँपेलिएपर्यंत

मुंबईहून विमानाने पॅरिस आणि तेथून अतिजलद रेल्वेने सुमारे साडेतीन तासांत माँपेलिए, हा सरळ मार्ग होय. काही गाड्या पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरूनच सुटतात, तर बहुतेक गाड्या शहरातील गार द लियाँ या स्थानकावरून. तिकीट काढताना आपण कोणते स्थानक निवडले आहे ते नीट पाहावे.

- ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन प्रदेशाच्या बाह्य सीमेवर परकीयांच्या बोटांच्या ठशांची व छायाचित्राची नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. तिला वेळ लागतो. विमान उतरणे व रेल्वे सुटणे यांत निदान चार तासांचे अंतर ठेवावे.
- माँपेलिएला दोन स्थानके आहेत. सें-रॉश हे शहराच्या मध्यवस्तीत आहे. २०१८ साली उघडलेले सूद द फ्राँस हे शहराबाहेर आहे. तिकिटावरील नाव न वाचता केवळ शहराचे नाव पाहणारे प्रवासी रात्री भलत्याच ठिकाणी उतरतात.
- रेल्वेची तिकिटे आधी काढल्यास स्वस्त पडतात. परंतु बदल करता येणारे तिकीट थोडे महाग असले तरी तेच घ्यावे.

पाचवी पायरी : शहरात वावरताना

परिषदेचे स्थळ नक्की कोठे आहे ते आधी नकाशावर पाहावे. कोरम हे भव्य सभागृह मध्यवस्तीत आहे, कृषिविद्यालयाचा गाय्यार परिसर वेगळ्या दिशेला आहे, वैद्यकविद्यालयाची नवी इमारत जुन्या वास्तूपासून दूर उत्तरेकडे आहे, आणि दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात द्राक्ष-फळ यंत्रसामग्रीचे ‘सितेवी’ प्रदर्शन भरते ते मैदान तर शहराच्या वेशीबाहेर आहे.

- ट्राम : डिसेंबर २०२३ पासून ट्राम व बस विनामूल्य झाली आहे, ती तेथील रहिवाशांपुरती. पाहुण्यांनी तिकीट काढावे आणि ते यंत्रात नोंदवावे. तपासनीस दंड करतात आणि अज्ञानाची सबब चालत नाही.
- भोजन : दुपारचे जेवण साधारणतः बारा ते दोन आणि रात्रीचे सात-साडेसातनंतर मिळते, मधल्या वेळेत बहुतेक भोजनगृहे बंद असतात. शाकाहारी असल्यास नोंदणी करतानाच लेखी कळवावे, आणि अंडी चालत नसतील तर ते स्वतंत्रपणे लिहावे. भोजनगृहात ‘साँ व्यांद, साँ प्वासाँ’, म्हणजे मांसाविना व मासळीविना, असे सांगितल्यास काम भागते. जेवणासोबत नळाच्या पाण्याची सुरई विनामूल्य मागता येते. सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो.
- मद्य : मेजवानीत वाइन दिली जाणे तेथे स्वाभाविक आहे आणि ती नम्रपणे नाकारणेही तितकेच स्वाभाविक. कोणीही वाईट मानत नाही.
- अभिवादन : दुकानात, कचेरीत किंवा बसमध्ये बोलण्याचा प्रारंभ ‘बाँझूर’ या शब्दाने करावा. त्याशिवाय थेट प्रश्न विचारणे असभ्य समजले जाते. एवढ्या एका शब्दाने पुढील व्यवहार सुकर होतो.
- द्रव्य : कार्डाने पैसे देताना यंत्राने ‘रुपये की युरो’ असे विचारल्यास युरो निवडावा, रुपये निवडल्यास विनिमयाचा दर महाग पडतो. बँकेचा एकवेळचा संकेतांक भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून त्या क्रमांकाची परदेशी सेवा निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावी.
- वीज : आपल्या संगणकाची तीन पिनांची खुंटी तेथील छिद्रांत बसत नाही, त्यासाठीचा अडॅप्टर नाशिकहूनच न्यावा.
- ऋतुमान : सप्टेंबर-ऑक्टोबरात या भागात अल्पावधीत प्रचंड पाऊस कोसळतो. शासनाने इशारा दिला असेल, तर नदी-ओढ्यांच्या बाजूला जाऊ नये.

सामानात काय न्यावे, काय आणू नये

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य व मांसजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे पेढे, खवा, तूप आणि दुधाची मिठाई घरीच ठेवावी. चिवडा, भाजणी, कोरड्या चटण्या नेण्यास हरकत नाही. औषधांसोबत इंग्रजीत लिहिलेली, औषधाच्या मूळ नावाची चिठ्ठी असावी.

परतताना बागाईतदारांना होणारा मोह निराळा असतो. एखादा रोगप्रतिकारक खुंट किंवा नवा वाण पाहिला की त्याच्या दोन काड्या पिशवीत टाकाव्यात असे वाटते. हे कदापि करू नये. वनस्पती विलग्नवास आदेश, २००३ अन्वये आयातपरवान्याविना कलमकाड्या आणणे बेकायदेशीर आहे, आणि त्यामागचे कारण कोणाही नाशिककराला पटावे असे आहे : फायलोक्सेरा युरोपात पोहोचला तो अमेरिकेतून आणलेल्या वेलींच्या मुळांबरोबर, आणि त्याची किंमत एका अवघ्या देशाच्या द्राक्षशेतीने मोजली. वाण आवडला तर त्याचे नाव व संस्थेचा पत्ता टिपून घ्यावा आणि मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी पत्रव्यवहार करावा. वाण देशात आणण्याचा सरळ मार्ग तोच.

अडचणीच्या प्रसंगी आपले हक्क

- संकटकाळ : ११२ हा क्रमांक कोणत्याही दूरध्वनीवरून विनामूल्य लागतो, वैद्यकीय मदतीसाठी १५, पोलिसांसाठी १७.
- पारपत्र हरवल्यास : प्रथम पोलिसांकडे फिर्याद नोंदवून तिची प्रत घ्यावी. पूर्वी अशा वेळी पॅरिस गाठावे लागे; परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेलिस येथे भारताचे महावाणिज्यदूतालय उघडले असून माँपेलिए ज्या ओक्सितानी प्रांतात आहे, तो त्याच्याच अधिकारक्षेत्रात येतो. भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी ज्या बंदरात आगबोटीतून समुद्रात उडी घेतली, ते हेच मार्सेलिस. परिषदेनंतर एखादा दिवस हाती असल्यास नाशिककराने तेथे जाऊन यावे, रेल्वेने अंतर सुमारे दोन तासांचे आहे.
- विमान रद्द झाल्यास वा रखडल्यास : युरोपीय संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानास २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. साडेतीन हजार किलोमीटरांहून लांबच्या प्रवासात कंपनीच्या दोषामुळे फार उशीर झाल्यास ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. मुंबईहून जाताना हा हक्क केवळ युरोपीय कंपनीच्या विमानापुरता आहे. बोर्डिंग पास व पावत्या जपून ठेवाव्यात.
- निबंधाचे हक्क : प्रकाशनाचे संमतिपत्र वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये. हक्क कायमचे हस्तांतरित होत असतील, तर आपल्या संस्थेची व सहलेखकांची संमती आधी घ्यावी.

परिषदेचे सार्थक

निघण्यापूर्वी आपल्या बागेचे, रुग्णालयाचे किंवा प्रयोगशाळेचे तीन ठोस प्रश्न कागदावर लिहावेत आणि ते ज्यांना विचारावयाचे त्या विद्वानांना महिनाभर आधी पत्र पाठवून भेटीची वेळ मागावी. निबंधवाचनाला मिळणारी पंधरा-वीस मिनिटे क्षणात संपतात; खरा लाभ होतो तो या ठरवून घेतलेल्या भेटींत. ऑगस्ट-सप्टेंबरात गेल्यास त्या प्रांतातील द्राक्षकाढणी प्रत्यक्ष पाहावयास मिळते, आणि त्या दिवसांत आपल्याकडे गोडी छाटणीची तयारी चालू असल्यामुळे तेथे पाहिलेले येथे लागलीच पडताळून पाहता येते.

आणि परतल्यावर एक कर्तव्य उरते. ज्या महाविद्यालयाने रजा दिली, ज्या सार्वजनिक निधीतून साहाय्य मिळाले, ज्या गावाने आपल्यामागे बाग सांभाळली, त्यांच्यासमोर महिनाभराच्या आत आपण पाहिलेले व ऐकलेले स्वच्छ मराठीत मांडावे, आणि पुढे जाणाऱ्याला उपयोगी पडावा म्हणून आपल्या अर्जाचा नमुना व खर्चाचा तपशील संस्थेच्या दप्तरी ठेवावा. तेवढे केल्याशिवाय आपली परिषद पुरी झाली, असे मानू नये.